साम्राज्याला खतपाणी

डिसेंबर १८५० मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष मिलार्ड फिलमोर यांनी काँग्रेसला आपला पहिला वार्षिक संदेश धाडला. गुलामगिरीवरून उत्तर आणि दक्षिण तेव्हा हातघाईवर आल्या होत्या. मेक्सिकोकडून जिंकून घेतलेल्या मुलखाचे काय करायचे, हा तंटा नुकताच कसाबसा मिटवलेला होता. इतक्या गंभीर काळातल्या त्या दस्तऐवजात फिलमोर यांनी काही वाक्ये पक्ष्यांच्या विष्ठेसाठी राखून ठेवली होती. पेरूच्या ग्वानोला देशातल्या शेतकऱ्यांकडून मोठी मागणी आहे आणि तो रास्त भावात आयात व्हावा म्हणून हाती असलेले सगळे योग्य उपाय योजणे हे सरकारचे कर्तव्य आहे, अशा अर्थाची ती वाक्ये होती.

शीट स्वस्त करणे हे राष्ट्रीय कर्तव्य! वाचून हसू येते. पण या कर्तव्यबुद्धीतून पुढे सहा वर्षांनी जो कायदा जन्माला आला, त्याने अमेरिकेला एक असे हत्यार दिले की ते तिने आजतागायत खाली ठेवलेले नाही. अमेरिकेच्या समुद्रापारच्या साम्राज्याची कहाणी सहसा १८९८ पासून सांगतात. हवाना बंदरात ‘मेन’ ही युद्धनौका फुटली, स्पेनशी युद्ध पेटले, चार महिन्यांत फिलिपिन्स, ग्वाम आणि पोर्तो रिको पदरात पडले. घटना खऱ्याच आहेत. पण मुलूख घ्यायचा, त्यावर झेंडा लावायचा, आणि तरीही तो आपल्या देशाचा भाग नाही असे म्हणायचे, ही युक्ती १८९८ ची नव्हे. तिचे मूळ खताच्या ढिगाऱ्यात आहे.

ग्वानो म्हणजे समुद्रपक्ष्यांची वर्षानुवर्षे साठून वाळलेली विष्ठा. पेरूच्या किनाऱ्याला लागून हंबोल्टचा थंड सागरी प्रवाह वाहतो. त्यात आपल्या मांदेलीच्या कुळातल्या अँकोव्ही माशांचे अफाट थवे असतात. या माशांवर पाणकावळ्याच्या जातीचे ग्वानाय, बूबीच्या जातीचे पिकेरो आणि पेलिकन हे पक्षी पोसले जातात आणि किनाऱ्यालगतच्या उघड्या खडकांवर रात्रीच्या मुक्कामाला येतात. हा किनारा जवळजवळ बिनपावसाचा आहे. त्यामुळे विष्ठेतले नत्र धुपून जात नाही, वाळून तिथेच राहते. तिथल्या चिंचा नावाच्या बेटांवर या थरांची उंची काही ठिकाणी चाळीस मीटरच्याही वर गेली होती.

इंकांना याचे मोल नेमके ठाऊक होते. विणीच्या हंगामात या बेटांवर पाऊल ठेवणाऱ्याला देहदंड होता, असे गार्सिलासो दे ला व्हेगा या इंका आईच्या पोटी जन्मलेल्या इतिहासकाराने सतराव्या शतकाच्या सुरुवातीलाच लिहून ठेवले आहे. स्पॅनिश राज्यकर्त्यांचे डोळे मात्र चांदीवर होते. १८०२ मध्ये अलेक्झांडर फॉन हंबोल्ट हा जर्मन निसर्गशास्त्रज्ञ पेरूला पोहोचला, त्याने नमुने बरोबर नेले आणि पॅरिसच्या रसायनशास्त्रज्ञांनी त्यांचे पृथक्करण केले. १८४० मध्ये जर्मनीच्या लीबिग या रसायनशास्त्रज्ञाने वनस्पतींच्या पोषणावरचा आपला ग्रंथ काढला, आणि पिकाला जमिनीतून काय काय लागते ते युरोप हिशेबाने मोजू लागला. नत्र आणि स्फुरद दोन्ही एकाच पोत्यात देणारा पदार्थ पेरूत डोंगराच्या डोंगर पडून आहे, हे तोवर व्यापाऱ्यांच्याही कानी गेले होते.

पुढची चाळीस वर्षे पेरूने ही विष्ठा विकून राज्य चालवले. बेटे सरकारी मालकीची आणि विक्रीचा मक्ता ठरावीक पेढ्यांना, ज्यांत लंडनची अँटनी गिब्ज अँड सन्स ही सर्वांत बडी, असा तो कारभार होता. १८४० ते १८८० या काळात एक कोटी टनांहून जास्त माल परदेशी गेला. या पैशातून राष्ट्राध्यक्ष रामोन कास्तिया यांनी १८५४ मध्ये गुलामांच्या मालकांना भरपाई देऊन गुलामगिरी संपवली आणि आदिवासींवरचा जुना कर उठवला. त्याच वेळी चिंचा बेटांवर ग्वानो खणायला कोण होते? कैदी, फौजेतून पळालेले शिपाई आणि १८४९ पासून जहाजे भरभरून आणलेले चिनी गिरमिटिये. नाकातोंडात अमोनियाची धूळ, प्यायचे पाणी मुख्य भूमीवरून येणार, आणि पळून जायला चारी बाजूंनी समुद्र. कड्यावरून उडी टाकून जीव देणाऱ्यांच्या नोंदी त्या काळच्या प्रवाशांनी केल्या आहेत. एका हाताने बेडी तोडायची आणि दुसऱ्या हाताने घालायची, असा तो सारा व्यवहार होता.

अमेरिकेला या खताची ओळख बाल्टिमोरमधून झाली. ‘अमेरिकन फार्मर’ या शेतकी नियतकालिकाचे संपादक जॉन स्किनर यांच्याकडे १८२४ मध्ये ग्वानोची दोन पिंपे आली आणि त्यांनी ती शेतकऱ्यांत वाटली. मेरीलँड आणि व्हर्जिनियाच्या जमिनी दीडदोनशे वर्षांच्या तंबाखूने पार पिळून निघाल्या होत्या. मालक जमीन टाकून पश्चिमेकडे सरकत होते. त्या मुरमाड, भुकेल्या रानात ग्वानो पडला आणि गव्हाची ओंबी पुन्हा भरू लागली. मग काय, १८४० च्या दशकाअखेर ग्वानोचे वेड लागले. पेरूचा भाव मात्र टनाला पन्नास डॉलरच्या आसपास. राहूनखाऊन शेतमजुराला महिन्याकाठी दहा-अकरा डॉलर सुटण्याचा तो काळ. एका देशाचा मक्ता, त्यावर इंग्लिश पेढीचा दलालीचा हात, आणि अमेरिकी शेतकरी नुसता तोंडाकडे बघत बसलेला. शेतकरी संघटित झाले, त्यांनी अर्जांचा भडिमार केला. फिलमोर यांच्या त्या वाक्यांमागे हे सारे होते.

पहिला प्रयत्न सरळ दांडगाईचा होता. पेरूच्या उत्तर किनाऱ्याजवळ लोबोस नावाची बेटे आहेत. १८५२ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कच्या जेम्स ज्युवेट या गृहस्थाने परराष्ट्रमंत्री डॅनियल वेब्स्टर यांना विचारले, की ही बेटे नेमकी कोणाची? वेब्स्टर हे अमेरिकेतले नाणावलेले कायदेपंडित. त्यांनी तीनच दिवसांत उत्तर दिले, की अमेरिकी नागरिकांनी तिथला ग्वानो खुशाल न्यावा आणि त्यांच्या संरक्षणाला युद्धनौकाही जाईल. ज्युवेट आणि त्याचा भागीदार आल्फ्रेड बेन्सन यांनी धडाधड जहाजे भाड्याने घेतली. पेरूने कागदपत्रे मांडली तेव्हा लक्षात आले, की बेटांवरचा त्यांचा हक्क बिनतोड आहे. वेब्स्टर ऑक्टोबरमध्ये वारले आणि नव्या परराष्ट्रमंत्र्यांनी पेरूची मालकी मान्य करून माघार घेतली. इतकी नामुष्की पदरी आल्यावर एक गोष्ट सर्वांना कळून चुकली. दुसऱ्याच्या बेटावर हात टाकण्यापेक्षा कोणाचीच नसलेली बेटे शोधणे बरे. बेन्सनने १८५५ मध्ये अमेरिकन ग्वानो कंपनी उभी केली आणि पॅसिफिकच्या मध्यावर, विषुववृत्तापाशी, देवमाशांच्या शिकाऱ्यांनी पाहून ठेवलेल्या ठिपक्यांकडे नजर वळवली.

पण कोणाचेच नसलेले बेट एका खासगी कंपनीने घेतले आणि उद्या एखादे इंग्लिश गलबत तिथे येऊन उभे राहिले, तर? पाठीशी सरकार हवे. सरकारने पाठीशी उभे राहायचे, तर बेट सरकारचे हवे. आणि समुद्रापारची वसाहत ठेवणे हे तर युरोपातल्या राजेशाह्यांचे लक्षण, राजाविरुद्ध बंड करून जन्मलेल्या प्रजासत्ताकाला ते शोभायचे नाही. हा पेच सिनेटर विल्यम सीवर्ड यांनी सोडवला. सिनेटमध्ये त्यांनी बजावून सांगितले, की या विधेयकात साम्राज्याचा काही प्रश्नच नाही, हे फक्त खडबडीत खडकांपुरते आहे आणि ग्वानो सोडला तर ते खडक कशाच्याच कामाचे नाहीत. हेच सीवर्ड पुढे परराष्ट्रमंत्री झाले आणि १८६७ मध्ये त्यांनी रशियाकडून ७२ लाख डॉलरला अलास्का घेतला. साम्राज्याला ते नाके मुरडत होते यावर विश्वास ठेवायचा की नाही, ते ज्याने त्याने ठरवावे.

१८ ऑगस्ट १८५६ रोजी राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन पियर्स यांची सही झाली आणि ग्वानो बेटांचा कायदा अमलात आला. तो मुळातून वाचण्यासारखा आहे. कोणत्याही अमेरिकी नागरिकाला एखाद्या बेटावर, खडकावर वा पाण्यातून जेमतेम डोके काढलेल्या प्रवाळपट्टीवर ग्वानो सापडला, त्यावर दुसऱ्या कोणत्या सरकारची कायदेशीर सत्ता नसली, दुसऱ्या देशाचे लोक तिथे राहत नसले आणि त्याने शांततेने ताबा घेतला, तर ते बेट राष्ट्राध्यक्षांच्या मर्जीनुसार ‘अमेरिकेकडे मोडणारे’ समजले जाईल. शोधणाऱ्याने अक्षांश-रेखांश देऊन, प्रतिज्ञापत्र करून परराष्ट्र खात्याला कळवायचे. मग ग्वानो काढायचा हक्क त्याचा. मात्र माल अमेरिकी नागरिकांनाच द्यायचा, आणि उत्तम प्रतीच्या टनाला आठ डॉलरपेक्षा जास्त घ्यायचे नाहीत. हक्काच्या रक्षणासाठी राष्ट्राध्यक्ष सैन्य आणि आरमार वापरू शकतील. बेटावर गुन्हा घडला तर तो भर समुद्रात अमेरिकी व्यापारी जहाजावर घडला असे धरले जाईल.

आणि मग ते कळीचे कलम. बेटावरचा ग्वानो उपसून संपल्यावर त्या बेटाचा ताबा ठेवण्याचे कोणतेही बंधन या कायद्याने अमेरिकेवर येणार नाही.

माझ्या मते या कुळकथेचा गाभा इथे आहे. कायद्यात कुठेही अमेरिकेचा प्रदेश असा शब्द नाही, सार्वभौमत्वाचा उच्चार नाही. ‘मोडणारे’ म्हणजे काय, याचा खुलासा नाही. सारे मोघम आहे, आणि मोघमपणाच इथे कामाचा. हवे तोवर ठेवा, नको झाले की सोडा. ठेवलेत तर आरमार येईल. सोडलेत तर कोणी जाब विचारणार नाही. इंग्रज, फ्रेंच, डच यांच्या साम्राज्यांनी मुलूख घेतला की गव्हर्नर नेमला, दप्तर उघडले, निदान कागदोपत्री तरी जबाबदारी घेतली. अंगाला न लावता मालकी भोगायची ही रीत अमेरिकेची स्वतःची.

कायदा झाला आणि कप्तानांची धांदल उडाली. पुढच्या दशकांत नव्वदहून अधिक बेटांवर आणि खडकांवर दावे दाखल झाले. त्यांतली काही बेटे जगात कुठे नव्हतीच. जुन्या नकाशातली चूक उचलून कोणीतरी अक्षांश-रेखांश लिहून दिले होते. पॅसिफिकमधली बेकर, जार्व्हिस, हौलंड, जॉन्स्टन, कॅरिबियनमधली स्वान बेटे आणि नवासा, अशी नावे यादीत चढली. १८५९ मध्ये कॅप्टन ब्रुक्स यांना हवाईच्या साखळीच्या वायव्य टोकाजवळ एक प्रवाळद्वीप दिसले, त्यावरही त्यांनी याच कायद्याखाली हक्क सांगितला. तिथे ग्वानो काढण्याजोगा नव्हता. पण आशियाकडे निघालेल्या आगबोटींना कोळसा भरायला जागा हवी होती, म्हणून १८६७ मध्ये आरमाराने तिथे रीतसर झेंडा लावला. हेच मिडवे. पंचाहत्तर वर्षांनी, जून १९४२ मध्ये, जपानच्या चार विमानवाहू नौका याच्याच आसपास बुडाल्या.

शेतकऱ्याचे काय झाले? तो बिचारा फसलाच. पॅसिफिकच्या बहुतेक बेटांवर पेरूसारखा कोरडा किनारा नाही. पावसाने नत्र धुऊन गेलेले, मागे उरले ते स्फुरद. पेरूच्या मालाची सर त्याला येईना. शिवाय १८६७ च्या सुमारास साउथ कॅरोलिनात चार्ल्सटनजवळ फॉस्फेटचा खडक खुद्द घरातच सापडला आणि दूरच्या बेटांवरचा धंदा बहुतेक ठिकाणी बसला. ज्या कारणासाठी कायदा केला, ते कारण तिशीच्या आत मावळले. कायदा राहिला.

जी बेटे चालू राहिली त्यांत नवासा हे प्रमुख. हैती आणि जमैका यांच्या दरम्यान, पाच-साडेपाच चौरस किलोमीटरचा चुनखडीचा ओबडधोबड ढेपसा. पीटर डंकन या कप्तानाने १८५७ मध्ये त्यावर हक्क सांगितला. हैतीने लगेच हरकत घेतली, की हे बेट आमचे आहे. १८५८ मध्ये त्यांची दोन लढाऊ जहाजे येऊन गेली. वॉशिंग्टनने ऐकून घेतले आणि उलट आपली युद्धनौका पाठवली. गुलामांनी बंड करून उभ्या केलेल्या त्या प्रजासत्ताकाला अमेरिकेने तोवर मान्यताही दिली नव्हती, ती १८६२ मध्ये दिली. नवासाचा दगडासारखा घट्ट फॉस्फेट बाल्टिमोरच्या कंपनीने खणायला घेतला. त्या मालावर चालणाऱ्या कारखान्याभोवती नॉर्थ कॅरोलिनात एक गाव वसले, त्याचे नावही नवासा पडले, ते अजून आहे.

खणायला बाल्टिमोरचे काळे मजूर नेत. चांगली मजुरी, फळांची झाडे, सुखाचे हवामान असे सांगून करारावर अंगठे घेत आणि तिथे पोहोचल्यावर पंधरा महिन्यांत परतीची वाट नसे. सुरुंग, टिकाव, घण यांनी खडक फोडायचा, तो रुळांवरच्या ढकलगाड्यांतून उन्हात किनाऱ्यापर्यंत ओढायचा. सामान कंपनीच्या दुकानातून कंपनीच्या भावाने. आजारी पडला तर खाडा, खाड्याचा दंड. शिक्षा म्हणून हात वर बांधून टांगून ठेवत, तीही मुकादमांच्या मर्जीने. कोणाकडे दाद मागायची? बेटावर ना पोलीस, ना न्यायाधीश, ना सरकारचा एकही माणूस. १४ सप्टेंबर १८८९ रोजी मजुरांनी कुऱ्हाडी, वस्तरे, दगड, हाती लागेल ते उचलले. त्या दंग्यात पाच गोरे मुकादम मारले गेले.

मजुरांना बाल्टिमोरला आणून खटला भरला आणि तिघांना फाशी सुनावली. हेन्री जोन्स, जॉर्ज की आणि एडवर्ड स्मिथ. त्यांच्या बचावासाठी बाल्टिमोरमधल्या काळ्या लोकांच्या एका बंधुसंघाने वर्गणी गोळा केली. वकिलांत एव्हरेट वॉरिंग हे काळे वकील होते. सर्वोच्च न्यायालयात युक्तिवाद करणारे पहिले काळे वकील म्हणून त्यांचे नाव सांगतात. त्यांचा मुद्दा अगदी मुळावर घाव घालणारा होता. नवासा अमेरिकेचा आहे हे मुळात ठरवले कोणी? हा कायदाच राज्यघटनेच्या बाहेरचा आहे, मग त्या बेटावरच्या कृत्याबद्दल मेरीलँडचे न्यायालय फाशी कशी देऊ शकते?

२४ नोव्हेंबर १८९० रोजी न्यायमूर्ती होरेस ग्रे यांनी निकाल वाचला. कायदा वैध आहे. एखाद्या भूभागावर सत्ता कोणाची हा प्रश्न राजकीय आहे, कार्यकारी आणि कायदे करणाऱ्या अंगांनी तो ठरवला की न्यायालयाने तो मानायचा. सरकार नवासाला आपल्याकडे मोडणारा म्हणते आहे, तेव्हा तो तसा आहे. विषय संपला. अमेरिकेच्या समुद्रापारच्या विस्ताराला सर्वोच्च न्यायालयाची मोहोर इथे उमटली, आणि ती उमटली तीन काळ्या मजुरांच्या गळ्याशी दोर असताना. त्याच वर्षी कॅप्टन अल्फ्रेड मेहॅन यांचा समुद्रसत्तेवरचा जाडजूड ग्रंथ निघाला. इतिहासाची पुस्तके साम्राज्याचा उगम सांगताना मेहॅनचे नाव घेतात. जोन्सचे सहसा घेत नाहीत.

त्या तिघांना फाशी झाली नाही. राष्ट्राध्यक्ष बेंजामिन हॅरिसन यांनी आरमाराकडून चौकशी करवली आणि १८९१ मध्ये शिक्षा जन्मठेपेवर आणली. हे अमेरिकी नागरिक अमेरिकी प्रदेशात कराराने काम करत होते आणि तरीही दाद मागायला त्यांना ना न्यायालय होते ना अधिकारी, असे त्यांनी काँग्रेसलाही कळवले. जन्मठेप मात्र कायम राहिली.

सात वर्षांनी १८९८ उजाडले. जुलैमध्ये हवाई ताब्यात आले, तेही काँग्रेसच्या साध्या संयुक्त ठरावाने. डिसेंबरच्या पॅरिस तहात स्पेनने पोर्तो रिको आणि ग्वाम दिले आणि दोन कोटी डॉलरच्या मोबदल्यात फिलिपिन्स दिला. आता प्रश्न पक्ष्यांच्या खडकांचा नव्हता. पोर्तो रिकोत साडेनऊ लाख माणसे होती, फिलिपिन्समध्ये सत्तर लाखांहून जास्त. फिलिपिन्सच्या लोकांना तर स्वातंत्र्य हवे होते आणि त्यासाठी ते १८९९ पासून अमेरिकेशीच लढले. एवढ्या माणसांना देशात घ्यायचे तर नागरिकत्व द्यावे लागेल, मत द्यावे लागेल, आणि वॉशिंग्टनमध्ये बहुतेकांची त्याला तयारी नव्हती. सोडून द्यायचे तर बंदरे आणि बाजार हातचे जातात.

पेच सुटला तो संत्र्यांवरून. सॅम्युएल डाउन्स या व्यापाऱ्याने पोर्तो रिकोतून न्यूयॉर्कला संत्री आणली. बंदरावर त्याच्याकडून ६५९ डॉलर ३५ सेंट जकात घेतली. त्याचे म्हणणे, पोर्तो रिको आता अमेरिकेत आहे, देशातल्या देशात माल आणायला जकात कसली? २७ मे १९०१ रोजी पाच विरुद्ध चार मतांनी तो हरला. न्यायमूर्ती हेन्री ब्राउन यांनी लिहिले, की पोर्तो रिको हा अमेरिकेचा आहे, अमेरिकेकडे मोडतो, पण राज्यघटनेच्या महसुली कलमांपुरता तो अमेरिकेचा भाग नाही. न्यायमूर्ती एडवर्ड व्हाइट एक पाऊल पुढे गेले. परदेशांच्या नजरेत पोर्तो रिको अमेरिकेचा, पण घरातल्या घरात परकाच, असे त्यांचे सूत्र होते.

१८५६ चा मसुदा शेजारी ठेवून हे वाचावे. खडकांसाठी बेतलेला अंगरखा माणसांच्या अंगावर चढवलेला दिसतो. मालकी पूर्ण, नाते मोघम, आणि ते नाते कसे आणि किती काळ ठेवायचे हे ठरवणारा एकटा मालक. ज्यांच्यावर हे राज्य चालणार त्या लोकांचे मत कोणी घेतले नाही. पक्ष्यांचेही घेतले नव्हते.

इकडे ग्वानोची गरजच उरली नाही. जर्मनीत फ्रिट्झ हाबर यांनी हवेतल्या नत्रापासून अमोनिया बनवून दाखवला आणि १९१३ मध्ये ओप्पाऊच्या कारखान्यात तो टनांनी तयार होऊ लागला. बेटे ओस पडली. पण एकदा दप्तरात नाव चढले की ते कधी कोणत्या कामाला येईल सांगता येत नाही. १९३५ मध्ये पॅसिफिक ओलांडणाऱ्या विमानांना उतरायला जागा हवी झाली, आणि ब्रिटनही त्या ठिपक्यांवर डोळा ठेवून होता. मग अमेरिकेने होनोलुलूच्या कामेहामेहा शाळेतले हवाईयन तरुण गुपचूप नेऊन बेकर, हौलंड आणि जार्व्हिसवर वसवले, वस्ती आहे हे दिसावे म्हणून. १९३७ मध्ये वैमानिक अमेलिया इअरहार्ट हौलंडच्याच धावपट्टीकडे निघाली होती, ती पोहोचली नाही. पर्ल हार्बरच्या दुसऱ्या दिवशी, ८ डिसेंबर १९४१ रोजी, जपानी विमानांनी हौलंडवर बाँब टाकले. तिथे वसवलेल्या पोरांपैकी दोघे मेले.

जॉन्स्टन बेटावरून १९६२ च्या जुलैमध्ये सोडलेला अणुबाँब चारशे किलोमीटर उंचीवर फुटला आणि होनोलुलूचे रस्त्यावरचे काही दिवे विझले. पुढे व्हिएतनाममधून उरलेले एजंट ऑरेंज हे विषारी तणनाशक तिथेच ठेवले, रासायनिक अस्त्रेही तिथेच जाळली. स्वान बेटावर १९६० मध्ये सीआयएने रेडिओ केंद्र उभारले आणि तिथून क्यूबाच्या कास्त्रोविरुद्ध प्रचार चालवला. ते काम संपल्यावर १९७१ च्या तहाने बेटे होंडुरासला देऊन टाकली. नको झाले की सोडायचे, हे कलम शेवटी असे वापरले गेले. बेकर, हौलंड, जार्व्हिस आणि जॉन्स्टन २००९ पासून संरक्षित सागरी क्षेत्रात आहेत, आणि पक्षी पुन्हा आपल्या कामाला लागले आहेत.

पोर्तो रिकोच्या लोकांना १९१७ मध्ये अमेरिकी नागरिकत्व मिळाले. पण बेटावर राहणाऱ्या तीस लाखांहून अधिक नागरिकांना राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत आजही मत नाही. अमेरिकन सामोआत जन्मलेल्याला तर जन्माने नागरिकत्वही नाही. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती नील गोर्सच यांनी एका निकालपत्रात स्वच्छ लिहिले, की १९०१ च्या त्या निकालांना राज्यघटनेचा आधार नाही, ते वंशभेदावर उभे आहेत आणि रद्दच व्हायला हवेत. न्यायालयाने ते रद्द केलेले नाहीत.

नवासाही सुटलेला नाही. हैतीच्या १९८७ च्या संविधानात देशाच्या बेटांच्या यादीत त्याचे नाव आहे. अमेरिकेने १९९९ मध्ये तिथे वन्यजीव अभयारण्य घोषित केले. त्याच्या दोन-तीन वर्षे आधी कॅलिफोर्नियातल्या एका खटपट्या गृहस्थाने १८५६ च्याच कायद्याखाली नवासावर दावा ठोकला होता. सरकारने तो फेटाळला आणि न्यायालयातही तो टिकला नाही. कायदा मात्र आजही पुस्तकात आहे, अमेरिकी संहितेच्या अठ्ठेचाळिसाव्या विभागाचे आठवे प्रकरण म्हणून. उत्तम प्रतीच्या ग्वानोला टनामागे आठ डॉलरच्या वर भाव घेता येणार नाही, ही अटही त्यात अजून तशीच आहे.